पडलेल्या खड्याचा श्रेयवाद

मुतखडा पडला की आपल्याकडे पहिला फोन डॉक्टरांना जात नाही, मावशीला जातो. ‘कुळथाचं कढण घे म्हटलं होतं ना!’ असं म्हणून ती विषय संपवते. तोवर पानफुटीची पानं पुरवणारे शेजारचे काका जिन्यात पोचलेले असतात. बिअर सुचवणाऱ्या मित्राला तर विजयोत्सवही त्याच औषधाने करायचा असतो. एका उड्डाणपुलाला तीन पक्षांचे फलक लागावेत, तसं त्या चार मिलिमीटरच्या खड्याचं होऊन जातं. खड्याची बाजू कोणी ऐकून घेत नाही. ती एवढीच असते की, पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे कोणाच्याही शिफारशीविना, आपले आपण पडतात.

ज्यांचा खडा शेवटी दुर्बिणीने काढावा लागला, ते कढणाबद्दल बोलत नाहीत. मावशीही त्यांच्याकडे चौकशी करत नाही. वैद्यकीय नियतकालिकांतही फसलेल्या उपचारांचे निबंध असेच तोंड लपवून बसतात.

मावशीला आधुनिक प्रतिस्पर्धी मिळाला तो टॅमसुलोसिनचा. ही गोळी मुळात प्रोस्टेटवाल्या आजोबांची. ती तिथले स्नायू सैल करते, मग मूत्रवाहिनीचेही करेल आणि खडा घसरून खाली येईल, असा हिशेब होता. हिशेब चोख असला की पुरावाही आपोआप गोळा होतो. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा औषधांच्या नऊ चाचण्यांची बेरीज छापून आली. रुग्ण एकूण 693, म्हणजे चाचणीमागे सरासरी 77. निष्कर्ष असा की, औषध घेणाऱ्यांचा खडा पडण्याची शक्यता 65 टक्क्यांनी जास्त. जगभरच्या युरॉलॉजिस्टांनी पेनं सरसावली.

मग ब्रिटनमधल्या काही खवचट मंडळींनी 24 रुग्णालयांतून 1167 रुग्ण जमवले. एका गटाला टॅमसुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपिन हे तसंच स्नायू सैल करणारं औषध, तिसऱ्याला औषध नसलेली नकली गोळी. कोणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. 2015 मध्ये निकाल लागला. चार आठवड्यांत पुढचा कोणताही उपचार न लागलेले रुग्ण टॅमसुलोसिनवाल्यांत 81 टक्के, निफेडिपिनवाल्यांत 80 आणि नकली गोळीवाल्यांतही 80! तो एक टक्का कोणाच्या फलकावर छापायचा, हा प्रश्न उरला.

पराभूत पक्षाने अर्थातच फेरमतमोजणी मागितली. या चाचणीत लहान खड्यांचीच भरती होती, म्हणाले. शिवाय खडा खरोखर पडला का, हे सीटी स्कॅन करून पाहिलंच नाही; पुढचा उपचार लागला नाही म्हणजे पडला, असं धरून चाललात. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. फक्त 77-77 माणसांच्या चाचण्या बाजूने बोलत होत्या, तेव्हा ही चिकित्सक बुद्धी कुठल्या परिषदेला गेली होती कोण जाणे. पुढे चीनमध्ये 3296 रुग्णांवर चाचणी झाली आणि मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेल्या, पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांना गोळीचा उपयोग दिसला. म्हणजे गोळीला जागा आहे, पण ठरावीक वॉर्डातच. चिठ्ठीवर मात्र ती तीन मिलिमीटरवाल्यालाही मिळते, आणि तो चार दिवसांनी पेढे घेऊन दवाखान्यात येतो.

या सगळ्यात मला सर्वांत प्रामाणिक वाटतं ते अमेरिकेतलं रोलर कोस्टरचं संशोधन. डेव्हिड वॉर्टिंगर या मिशिगनच्या युरॉलॉजिस्टना फ्लोरिडातल्या डिस्नेच्या बागेतून परतलेले रुग्ण सांगायचे, ‘गाडीत बसलो आणि खडा पडला!’ आपल्याकडे याचा लगेच फॉरवर्ड झाला असता. वॉर्टिंगरांनी सहकारी मार्क मिचेल यांच्याबरोबर रुग्णाच्या स्कॅनवरून सिलिकॉनचं मूत्रपिंड बनवून घेतलं, त्यात लघवी आणि खडे भरले, ते पाठपिशवीत ठेवलं आणि बागेच्या लोकांची परवानगी काढून ‘बिग थंडर माउंटन’वर वीस फेऱ्या मारल्या. पुढच्या सीटवर 24 पैकी 4 खडे सुटले, मागच्या सीटवर 36 पैकी 23. निबंध 2016 मध्ये छापून आला, 2018 मध्ये त्याला इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक मिळालं. जग हसलं. पण कोणती गाडी, कोणती सीट, किती खडे, सगळं उघड मांडलेलं. शिवाय मागच्या सीटची विक्री वाढावी म्हणून डॉक्टरांना सहकुटुंब बँकॉकला नेणारा कोणी प्रतिनिधी नाही.

त्या निबंधावर लेखकही दोनच. हे आपल्याकडे जमलं नसतं. आपल्याकडे रुग्णाला गाळणी देऊन ‘यात लघवी गाळा, खडा सापडला की आणून द्या’ असं बजावणारा निवासी डॉक्टर असतो. कागदाच्या पुडीतले खडे तोच मोजतो, रात्री जागून तक्ते तोच भरतो. एकेकाळी निबंधावर त्याच्या नावामागे सात-आठ वरिष्ठ गुण्यागोविंदाने नांदत. 2015 मध्ये मेडिकल कौन्सिलने ठरवलं की, अध्यापकांच्या बढतीसाठी पहिल्या दोन लेखकांचंच नाव धरायचं. पुढे तो नियम थोडा सैलावला, पण मागच्या सीटची किंमत तेव्हाच गेली.

‘सर, माझं नाव कितवं?’ निवासी डॉक्टर विचारतो.

‘सहावं,’ विभागप्रमुख सांगतात. ‘अरे, मागे बस. तिथूनच जास्त खडे पडतात, असं अमेरिकेत सिद्ध झालंय.’