फेटा बांधून झाला, पुढे काय?

पहिलं वर्ष सोपं असतं. भगवा फेटा, पांढरा अंगरखा, भाड्याची तलवार, कपाळावर चंद्रकोर. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्ट्याचे चार हात फिरवायचे, संध्याकाळी फोटो स्टेटसला. गाव टाळ्या वाजवतं आणि त्या टाळ्या हक्काच्या असतात.

दुसऱ्या वर्षीही तेवढंच? तिसऱ्याही?

सिरसाळा, परळी, धारूर, माजलगाव, कुठेही जा. शिवकालीन खेळ करणारी, किल्ल्यावर जाणारी, पवनखिंडीचा प्रसंग रंगवणारी पोरं भेटतात. त्यांची हौस खरी आहे आणि मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. म्हणूनच नवखेपणा संपलेल्यांना दोन शब्द ऐकवायचे आहेत.

आधी हत्यार. 2024 मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. चांगलं झालं. पण मान सरकार देतं, हात वस्तादच बसवतो. पट्ट्याच्या खोबळ्यात कोपरापर्यंतचा हात जातो आणि मनगट आत अडकतं. वळण घ्यायचं ते खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यातून. वर्षभर नुसतं मनगट झटकत राहिलेला गडी पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो.

फरी-गदगा कुणी धरतं का? चामड्याची ढाल, चामड्याने मढवलेली काठी, समोर जोडीदार. त्यात चमक नाही, फोटो चांगला येत नाही, अंगावर वळ उठतात. म्हणून सगळ्यांना थेट पट्टा हवा. हवेत पट्टा फिरवायला शत्रू लागत नाही. लढाई दाखवायला लागतो.

मग कपडे. आपण काय घालतो, ते कुठून आलं? बहुतेक वेळा सिनेमातून. सिनेमावाल्याने कुठून आणलं? आधीच्या सिनेमातून.

ही सवय जुनी आहे. इब्राहिम खान नावाच्या एका सरदाराचं चित्र कित्येक वर्षं शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र शोधून काढलं आणि 1933 मध्ये लोकांसमोर ठेवलं. एका माणसाने विचारलं, ‘कशावरून?’ आणि महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढचे महाराज बदलले.

आपल्या मंडळात हा प्रश्न कोण विचारतं? विचारणाऱ्याला गप्प बसवणारे मात्र भरपूर असतात.

राज्याभिषेकाचा देखावा घ्या. 6 जून 1674 ला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. त्याने डोळ्यांनी पाहिलं ते लिहून ठेवलं. सिंहासनाजवळ सोनेरी भाले, त्यांवर मोठ्या दातांच्या माशांची मुंडकी, घोड्यांच्या शेपट्या, सोन्याचा तराजू. राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती. असली तयार यादी हाताशी असताना आपण थर्माकोलचे सिंह का रंगवत बसतो?

वाचायला लागतं, म्हणून.

इंग्लंडमध्ये सील्ड नॉट नावाची संस्था 1968 पासून तिथल्या सतराव्या शतकातल्या यादवी युद्धाच्या लढाया उभ्या करते. शतक आपल्या महाराजांचंच. तिथे राजाची फौज असते, तशी पार्लमेंटचीही असते. दोन्ही बाजूंना माणसं हौसेने उभी राहतात.

आपल्याकडे मोगल व्हायला कोण तयार होतं? जो उशिरा आला तो.

आता मुख्य मुद्दा. बीड जिल्ह्यात बसून आपण प्रतापगड करतो, पवनखिंड करतो, रायगड करतो. जरूर करा. पण आपल्या पायाखालच्या मातीचं काय? गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन शनीसाठी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच गोदाकाठावर 10 ऑगस्ट 1763 ला निजामाची फौज बुडाली, हे जिल्ह्यातल्या किती पोरांना ठाऊक आहे?

प्रसंग असा की नाटककाराला काही जोडावं लागू नये. पानिपताला अडीच वर्षं झालेली. त्याच वर्षी निजामाने पुणं लुटलेलं. गोदावरीला पूर. निजाम अली नदी ओलांडून पलीकडे गेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर निम्म्या फौजेसह अलीकडे अडकला. पेशव्यांनी गाठलं. राघोबादादा वेढ्यात सापडले, तेव्हा पुतण्या, पेशवा माधवराव त्यांना सोडवायला धावला. विठ्ठल सुंदर पडला आणि निजामाला पलीकडच्या काठावरून काहीच करता आलं नाही.

माधवरावाचं वय 18. आपल्याकडे त्या वयाचा पोरगा उसाच्या फडात कोयता चालवत असतो.

आणि इथेच खरी मेख आहे. 19 फेब्रुवारीला आपला अर्धा जिल्हा असतो कुठे? पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, उसाच्या फडात. दिवाळीच्या आगेमागे उचल घेऊन गाड्या निघतात, त्या उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. शिवजयंतीला गावात उरतात म्हातारे, शाळेतली पोरं आणि मिरवणुकीचे पुढारी. ज्यांच्या दंडात पट्टा पेलण्याचं बळ आहे, ते कोपीवर असतात.

10 ऑगस्टला ते घरी असतात.

शिवाय तळ टाकणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं? बैलगाडीत भांडीकुंडी, लेकरं, शेळी, पाचटाची कोपी तासाभरात उभी, पहाटे अंधारात हलायची तयारी. अठराव्या शतकातली फौज अशीच चालायची. लढणाऱ्यांमागे बुणग्यांचा संसार चालायचा. पुस्तकी अभ्यासकाला हे समजून घ्यायला वर्षं लागतात. ऊसतोडीच्या बाईला एकदा विचारा, ती बैल सोडायच्या जागेपासून सांगेल. तिला देखाव्यात घेतलंय कधी? ओवाळायला घेतो आपण. तळाची मांडणी तिच्या हाती द्या.

राक्षसभुवनात एक अडचण मात्र आहे. बाजू सरळ नाहीत. निजामाचा दिवाण मराठी माणूस. नागपूरकर जानोजी भोसले लढाईच्या थोडं आधीपर्यंत निजामाकडे, मग इकडे. ज्या काकाला माधवरावाने सोडवलं, त्यानेच आदल्या वर्षी निजामाला हाताशी धरून पुतण्याला शरण आणलं होतं. जयघोष नेमका कुणाचा आणि कुठे करायचा, हे आधी वाचून ठरवावं लागेल.

बरंच आहे. वाचतील तरी.

एक कोरडी पण कामाची गोष्ट. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघाला की तलवार, भाला सोडाच, काठी घेऊन फिरायलाही बंदी येते. आपल्या जिल्ह्यात हे आदेश नवे नाहीत. तेव्हा परवानगीचा अर्ज महिनाभर आधी, पाती बोथट, टोकं गोल आणि ठाण्यात जाणारा माणूस ठरलेला हवा. मंडळात हे काम करणाऱ्याला फेटा शेवटी मिळतो. त्याला आधी द्या.

तालीम उन्हाळ्यातच लागायला हवी, गाड्या परतल्या की लगेच. माधवराव व्हायला रांग लागेल, त्याची काळजी नको. विठ्ठल सुंदर कोण होणार, ते आत्ताच ठरवा.