यंत्राचा ताप आणि मालकाचा पारा

पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या दोनशेपट दाबाने श्वसनाची हवा कोंबणारा लहान कॉम्प्रेसर हे दोन माणसांनी उचलून होडीवर ठेवता येईल एवढेच यंत्र असले, तरी मालवण, तारकर्ली, देवबाग या किनारपट्टीवर स्कूबाचा व्यवसाय करणाऱ्यांच्या मनःशांतीवर त्याचा अंमल त्याच्या वजनाच्या मानाने फारच मोठा असतो. त्याचे तापमान मोजण्याच्या ज्या पद्धती रूढ आहेत, त्यांत हस्तस्पर्श ही सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत लोकप्रिय पद्धत होय. या पद्धतीत तापमानाचे तीनच अंश मानले जातात, ते म्हणजे ‘कोमट असा’, ‘हात ठेवूक येता’ आणि ‘आवशीचो घो’. यांपैकी तिसरा अंश साधारणतः ६० अंश सेल्सियसच्या आसपास सुरू होतो आणि त्याला वरची मर्यादा नसते, हा या मापनपद्धतीतला मोठाच दोष म्हणावा लागेल, कारण यंत्राच्या प्रकृतीची खरी कथा नेमकी तेथून पुढे सुरू होते.

हवा दाबली की तापते, आणि किती तापते याचे गणित निर्दय आहे. मालवणची ३० अंशांची हवा एकाच दमात २२५ बारपर्यंत दाबली आणि तिची उष्णता कोठेही जाऊ दिली नाही, तर हिशेबाने ती साडेअकराशे अंशांच्या घरात जाईल. जिच्यात ती भरायची ती टाकी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. हा प्रसंग टाळण्यासाठी काम तीन टप्प्यांत वाटून दिलेले असते. पहिला जाडजूड पिस्टन हवा सुमारे ६ बारपर्यंत नेतो, दुसरा ४० बारच्या आसपास आणि तिसरा, जो बोटाएवढाच असतो, उरलेला सगळा भार उचलतो. सर्वांत किरकोळ प्रकृतीच्या माणसावर सर्वांत अवघड काम टाकण्याची रीत केवळ कचेऱ्यांपुरती मर्यादित नाही, असे यावरून दिसते. दर टप्प्यानंतर हवा वेटोळ्याच्या नळीतून, म्हणजे इंटरकूलरमधून, पंख्याच्या वाऱ्यावर थंड केली जाते. असे करूनही एका टप्प्यात सहापट दाबलेली हवा कागदावर २३० अंशांपर्यंत जाते. सिलिंडरभोवतीच्या पाकळ्या बरीच उष्णता पळवून लावतात म्हणून प्रत्यक्षातला आकडा पुष्कळ खाली राहतो, पण तो खाली राहील की नाही हे त्या पाकळ्यांत किती वाळू, धूळ आणि मीठ बसले आहे यावर ठरते.

हा ताप यंत्राच्या अंगावर निघाला असता तर प्रश्न मालकाच्या खिशापुरताच राहिला असता; परंतु वंगणाचे तेल अति तापले की ते जळू लागते, व्हॉल्व्हवर काजळी धरते आणि हवेत कार्बन मोनॉक्साइड उतरू शकतो, ज्याला ना रंग ना वास. युरोपीय मानक ईएन १२०२१ च्या २०१४ च्या आवृत्तीने श्वसनाच्या हवेत त्याची मर्यादा दहा लाख भागांत ५ भाग ठेवली आहे. ३० मीटर खोलीवर दाब वातावरणाच्या चौपट होतो आणि तेथे प्रत्येक श्वासात या वायूचा प्रभावही चौपट होतो, त्यामुळे या एका मुद्द्यावर विनोद करण्याचा मोह आवरलेला बरा.

दुसरा मुद्दा पाण्याचा आहे. समुद्राकाठच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सहज २४ ग्रॅम वाफ असते आणि मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाभरात जवळजवळ दीडशे ग्रॅम पाणी गिळतो. ते विभाजकात साठते आणि ठरावीक वेळाने नळी उघडून पांढुरके, तेलकट पाणी फस्सकन बाहेर सोडावे लागते. त्यातूनही निसटलेली वाफ टिपण्याचे काम फिल्टरमधल्या मॉलिक्युलर सीव्हचे, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र दाण्यांचे असते. विभाजकातून हवा ५० अंशांना निघाली तर ती ४० अंशांच्या हवेपेक्षा दीडपटीहून अधिक आणि २० अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ पाचपट वाफ पुढे नेते. थंड देशातल्या पुस्तिकेत छापलेले फिल्टरचे आयुष्य ऑक्टोबरातल्या देवबागेत का पुरत नाही, याचे उत्तर एवढ्यात आले. पण त्या पुस्तिकेतला तापमानानुसार दुरुस्तीचा तक्ता शेवटच्या पानांवर असतो, आणि तेथवर पोहोचलेला वाचक किनाऱ्यावर दुर्मिळ आहे.

हाताऐवजी उपकरण वापरण्याचा निर्णय झाल्यावर प्रथम येते ती तापमानाची गन. २०२० साली घरोघरी घेतलेली कपाळाची गन या कामी लावून पाहण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी तिची झेप ४३ अंशांच्या आसपास संपते आणि सिलिंडरच्या डोक्यासमोर धरताच ती पडद्यावर ‘हाय’ एवढेच म्हणून गप्प होते. कारखान्यातली गन याहून धीट असली तरी चकचकीत धातूपुढे तीही फसते, कारण असा धातू स्वतःची उष्णता फार कमी उत्सर्जित करतो आणि समोरच्याची परत फेकतो. म्हणून मोजायच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका द्यावा लागतो. नव्या यंत्राला अशी तीट लावणे मालकाच्या जिवावर येते. याहून भरवशाचे उपकरण म्हणजे थर्मोकपल, अर्थात दोन भिन्न धातूंच्या तारांचा असा सांधा की जो तापल्यावर किंचित विद्युत्दाब निर्माण करतो; तो शेवटच्या टप्प्याच्या डोक्यावरील बोल्टखाली वॉशरसारखा दाबून बसवता येतो.

आकडा दिसू लागला की मालकाची झोप उडते. वास्तविक एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो; भोवतालच्या हवेपेक्षा यंत्र किती अधिक तापले आणि हा फरक गेल्या महिन्यापेक्षा वाढला का, हे पाहायचे असते. त्यासाठी नोंदवही ठेवली जाते. अनेक नोंदवह्यांत मात्र सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी तापमान सारखेच, म्हणजे ८५ अंश आढळते, सर्व नोंदी एकाच पेनाने आणि एकाच बैठकीत उतरलेल्या दिसतात आणि रविवारीही, दुकान बंद असताना, यंत्र ८५ अंशांवरच राहते.

नोंदी खऱ्या असतील तर त्यांतून निदान होऊ शकते. एकाच टप्प्याचे डोके इतरांना मागे टाकून तापत असेल, तर तेथला व्हॉल्व्ह नीट बसत नसावा, कारण मग दाबलेली गरम हवा मागे फिरते आणि तिलाच पुन्हा दाबावे लागते. सगळेच टप्पे एकदम चढले असतील, तर पट्टा सैल, पाकळ्या बुजलेल्या किंवा खोलीला खिडकी नाही असे समजावे. आवाजाला कंटाळून शेजाऱ्यांनी दार लावून घ्यायला लावलेल्या खोलीत कॉम्प्रेसर स्वतःचीच गरम हवा पुनःपुन्हा ओढत बसतो. सर्वांत फसवे कारण थ्री-फेज मोटारीचे आहे. खांबावरच्या दुरुस्तीत दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते, पण पिस्टनला दिशेचे सोयरसुतक नसल्यामुळे टाक्या नेहमीसारख्या भरत राहतात. पंखा तेवढा वारा भलतीकडे फेकतो आणि तापमान चढत जाते. फ्लायव्हीलच्या आवरणावर दिशेचा बाण असतो, आणि तो पाहायचे कोणाला सुचेपर्यंत तेल बदलून झालेले असते, पट्टा नवा आलेला असतो आणि उरलेला दोष ऑक्टोबर महिन्यावर ठेवून झालेला असतो.