शून्याच्या खालचं पेट्रोल

सोलापूरच्या माणसाला शून्य दाखवून घाबरवता येत नाही. आमचं उजनी धरण बहुतेक उन्हाळ्यांत शून्यावर येतं आणि मग निवांतपणे त्याच्याही खाली उतरायला लागतं. सकाळी पेपर उघडायचा, ‘उजनी वजा’ची बातमी वाचायची, ‘अजून हाय की’ म्हणत चहाचा घोट घ्यायचा आणि शेजाऱ्याला विचारायचं, नळाला पाणी कितव्या दिवशी येणार. धरणाची गंमतच तशी आहे. त्यात साधारण 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठ्यात, शून्याच्या खाली मोजतात. म्हणजे जित्यापेक्षा मेलेलंच जास्त. 2024च्या उन्हाळ्यात धरण वजा साठ टक्क्यांना जाऊन टेकलं, तरी शहर आपलं चाललंच होतं. भजी तळली जात होती, चादरी विणल्या जात होत्या.

अशा गावात वाढलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली, की तो टाकीकडेही धरणासारखाच बघतो. काटा लाल रेघेवर आला, पंपाचं पिवळं चित्र पेटलं, की बाहेरगावचा माणूस कासावीस होतो. आम्ही म्हणतो, आत्ता कुठं मृतसाठा लागला.

माझा हा स्वभाव रक्तातला नाही, सासुरवाडीचा आहे. बायकोचे मामा हे या पंथाचे मूळपुरुष. मोहोळकडे त्यांची शेती, घर जुळे सोलापुरात. त्यांच्याकडे वीस-बावीस वर्षं बजाज चेतक होती आणि तिची टाकी पूर्ण भरलेली घरातल्या कुणीही बघितली नाही. चेतकला पायाशी एक खटका असायचा : ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह. बाकी जग ऑनवर गाडी चालवून अडचणीत रिझर्व्ह लावायचं. मामा रिझर्व्हवरच घराबाहेर पडायचे. रिझर्व्ह संपलं, की उतरून स्कूटर एका कुशीवर झोपवायची, दोनदा हलवायची, कोपऱ्यात दडलेलं चमचाभर पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलायचं आणि सात रस्त्यापासून घर गाठायचं. मामांच्या मते स्कूटरच्या शोधातला खरा शोध हाच, बाकी चाकं काय बैलगाडीलाही होती.

आता गोष्ट 16 जून 2024ची, रविवारची. विजापूरला मेव्हणीच्या मुलीचं बारसं होतं. मी, बायको, मुलगा आणि मागच्या सीटवर मामा. सोबत कडक भाकरीचा डबा आणि शेंगाचटणीची बरणी, कारण विजापूर शंभर किलोमीटर लांब आहे आणि माणसाने उपाशी राहू नये. घरातून निघतानाच काटा लाल रेघेच्या केसभर वर होता. विजापूर रस्त्याला लागल्यावर पहिला पंप आला, मी इंडिकेटर दिला.

“जावईबापू, हितं कशाला भरायलाव?” मागून आवाज आला. “टाकळीचा पूल ओलांडला की कर्नाटक. लिटरमागं पाच रुपये कमी. तीस लिटर भरलं तर दीडशे रुपये. दीडशे रुपये काय झाडाला लागलेत?”

यात खोटं काही नव्हतं. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला राहणाऱ्या कुणालाही विचारा. महाराष्ट्रातला कर जास्त आणि पलीकडचा कमी, त्यामुळे भीमेच्या पलीकडच्या पंपांवर आमच्या पासिंगच्या गाड्यांची रांग ही तेव्हा रोजचीच गोष्ट होती. ट्रकवाले तर महाराष्ट्रातून पुरतं इतकंच डिझेल घेऊन सीमेकडे सुटायचे. हद्दीजवळ ‘महाराष्ट्रापेक्षा स्वस्त’ असे मराठी फलक लागलेले असायचे. कर्नाटकात मराठीला मिळणारा एवढा मान दुसरीकडे कुठं दिसायचा नाही.

मी इंडिकेटर बंद केला. गाडीच्या पडद्यावर आकडा होता : आणखी 58 किलोमीटर. पूल इथून चाळीसच्या आत. हिशोब बसत होता.

पण त्या आकड्याचा स्वभाव मला नंतर कळला. गाडी मागच्या काही किलोमीटरचं सरासरी ॲव्हरेज धरते आणि उरलेल्या पेट्रोलला त्याने गुणते. म्हणजे तो मागचं बघून पुढचं सांगणारा ज्योतिषी आहे. चार माणसं, एसी चालू, चौपदरी रस्ता मोकळा सापडल्यामुळे माझा पाय जड झालेला. तेरा मैलाच्या आसपास 58चे 31 झाले. मंद्रूप मागे पडलं तेव्हा 19. नंतर आकडाच गेला आणि त्याच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या. मुलाने विचारलं, “बाबा, हे वजाचं चिन्ह आहे का?”

“व्हय बाळा,” मामा म्हणाले. “उजनीगत.”

मग काटकसरीचं पर्व सुरू झालं. आधी एसी गेला. मग काचा उघडल्या, तर मामा म्हणाले वारा अडतो, म्हणून काचाही वर केल्या. जूनच्या त्या दमट दुपारी आम्ही चौघे इडलीपात्रात बसल्यासारखे बसलो होतो. गाडी पन्नासवर आणली, तसे उसाच्या मोकळ्या ट्रॉल्यासुद्धा हॉर्न मारत पुढे जायला लागल्या. उतार आला की मामा ओरडायचे, “न्यूट्रल करा, न्यूट्रल!” आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला तर पेट्रोल पूर्ण थांबतं आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला थोडं लागतच राहतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, जावयाने शिकवलेलं ज्या नजरेने ऐकायचं असतं, त्या नजरेने बघितलं. मी न्यूट्रल केलं. बायको तोवर एक शब्दही बोलली नव्हती. घरातला सगळ्यात धोकादायक काटा तोच.

पूल समोर दिसायला लागला आणि गाडीने दोन आचके दिले. मग एक लांब उसासा. मग फक्त चाकांचा आवाज, आणि तोही संपला. महाराष्ट्राच्या हद्दीत, कर्नाटकापासून हाकेच्या अंतरावर आम्ही उभे. समोर भीमा. याच टाकळीच्या बंधाऱ्यात तेव्हा उजनीतून नदीला सोडलेलं पाणी यायचं आणि इथूनच ते उपसून सोलापूरला जायचं. वजा साठपर्यंत गेलेल्या धरणातून शंभराहून जास्त किलोमीटर वाहत पाणी इथवर पोहोचत होतं आणि आमचं पेट्रोल सोलापूरपासून इथवर पोहोचलं नव्हतं.

मामा खाली उतरले, बाह्या सरसावल्या आणि गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांचा बेत माझ्या लक्षात आला तेव्हा उशीर झाला होता. रस्त्याकडेच्या टपरीवरची दोन पोरं त्यांनी हाताशी धरली होती आणि तिघं मिळून ‘हर्र बोला हर्र’च्या तालावर गाडी कुशीवर झोपवायच्या खटपटीत होते. नऊशे किलोची गाडी झोपली नाही. नुसती पाळण्यासारखी हलली. आतून बायकोचा आवाज आला, “बारसं इथंच उरकायचं का?”

शेवटी त्यातलं एक पोरगं मोटारसायकल काढून गेलं. जाताना दुसऱ्याला म्हणालं, “पंपावर बाटलीत देत नाहीत बे, गावातनं आणतो.” अर्ध्या तासाने पाण्याच्या बाटलीत एक लिटर पेट्रोल आलं, दीडशे रुपये. मामांनी कानडीतून घासाघीस सुरू केली. पोरगं कानडीतून नाही म्हणालं. मी मराठीतून पैसे दिले.

बाटली ओतूनही गाडी लगेच सुरू झाली नाही. किल्ली अर्धी फिरवायची, टाकीतून येणारा बारीक घूंऽ ऐकायचा, बंद करायची, पुन्हा फिरवायची. चौथ्या वेळी इंजिन लागलं. पण तो घूं आधीसारखा गोड राहिला नव्हता. त्यात एक कुरकुर आली होती, उन्हातून चालत आलेल्या पाहुण्यासारखी.

पूल ओलांडून पंपावर पोहोचलो. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला हे मला अजून पाठ नाही. काट्याशेजारच्या पंपाच्या चित्राजवळचा बारीक बाण मी बघतो. फोर्डच्या जिम मॉयलन नावाच्या इंजिनिअरला 1986 साली पावसात भिजत गाडी चुकीच्या बाजूला लावल्याचा वैताग आला आणि त्यातून तो बाण सुचला. त्या भल्या माणसाच्या गाडीत मागच्या सीटवर आमचे मामा असते, तर त्याने आणखी काय काय शोधलं असतं.

पंपाच्या फलकावर दर लिहिला होता. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पंपावरच्या मुलाने सांगितलं, काल वाढला. आदल्याच दिवशी, 15 जूनला, कर्नाटक सरकारने पेट्रोलवरचा कर सुमारे तीन रुपयांनी वाढवला होता. पाच रुपयांचा फरक दोनवर आला होता. तीस लिटरचे साठ रुपये.

“साठ रुपये तर वाचले,” मामा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. विजापूरला पोहोचलो तेव्हा मुलीचं नाव ठेवून झालं होतं आणि घुगऱ्याही संपल्या होत्या. आम्ही गाडीतच कडक भाकरी मोडली.

महिनाभराने ती कुरकुर वाढली आणि एका सकाळी गाडीने अंगणातच मान टाकली. होटगी रोडला माझा नेहमीचा मेकॅनिक आहे. त्याने मागची सीट उचलून टाकीतून पंप बाहेर काढला आणि समोर धरला. खालच्या जाळीवर काळपट गाळ बसला होता.

“सायेब, हा पेट्रोलमधी बुडूनच बसतो. पेट्रोलच त्याला गार ठेवतंय, पेट्रोलच वंगण. तुम्ही कायम तळालाच चालवायलाव. मग तो उघडा पडतोय, तापतोय आणि तळाचा गाळ ओढतोय. बोअरची मोटार कोरडी चालली तर काय होतंय? तेच हे.”

मामा शेजारीच उभे होते. त्यांच्या शेतात साडेपाचशे फुटांची बोअर आहे. पाणी खाली गेलं की मोटार आपोआप बंद व्हावी म्हणून त्यांनी स्टार्टरमध्ये खास यंत्र बसवून घेतलंय, उन्हाळ्यात दिवसातून तीनदा जाऊन त्याला हात लावून बघतात आणि एकदा गड्याने मोटार कोरडी फिरवली म्हणून त्याच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. ते पंपाकडे बराच वेळ बघत राहिले.

“हे मोटारीगतच हाय की,” ते हळूच म्हणाले. “आधी सांगायचं नाही व्हय?”

पंप, जाळी आणि मजुरी मिळून साडेसहा हजार झाले. साठ रुपये वजा जाता सहा हजार चारशे चाळीस. बाटलीचे दीडशे मी धरले नाहीत, तो बारशाचा आहेर समजलो.

ऑगस्टच्या सुरुवातीला पाऊस असा काही लागला, की वजा साठवालं उजनी शंभर टक्के भरलं. मामांचा सकाळी सहाला फोन आला. आवाज नातू झाल्यासारखा.

“जावईबापू, दारं उघडलीत! चला, भीमानगरला जाऊन बघून येऊ. गाडी काढा.”

मी काट्याकडे बघून सांगितलं, आधी पंपावर जाऊन येतो.

“हितं कशाला भरायलाव?” मामा म्हणाले. “पुणे रोडलाच तर जायचंय. पाकणीला पार मुंबईपासनं पेट्रोलचा पाईप येतोय, डेपो हाय तिथं. तिथल्या पंपावर पैशांचा तरी फरक असंलच की.”