आयएमपी

आमचा भाचा चिनू बारावीला गेला आणि त्याच्या बोलण्यातून नमस्कार गेला. दार उघडलं की पहिला प्रश्न, "मामा, काय आयएमपी आहे?" सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यानं हेच विचारलं, असं ताई सांगते. ताईला वाढवून सांगायची खोड आहे. पण हे मला खरं वाटतं.

"फिजिक्सचे सोळा चॅप्टर आहेत. सगळे कोण करतं?" हे तो अशा सुरात म्हणतो, की सगळे करणाऱ्यालाच डॉक्टरकडे न्यावं. पेपरचा साचा मात्र त्याला पाढ्यासारखा पाठ. दोन मार्कांचे बारातले आठ, तीन मार्कांचे बारातले आठ, चार मार्कांचे पाचातले तीन. लेखी ७०, प्रॅक्टिकलचे ३०. या हिशेबातून कुठले धडे ऑप्शनला टाकता येतील, यावर त्यानं दिवाळीची सुट्टी खर्च केली. तेवढ्या वेळात ते धडे झाले असते, हे मी बोललो नाही. मीही माझ्या बारावीला केमिस्ट्रीचा एक धडा ऑप्शनला टाकला होता. तोच आला, भरघोस.

त्याच्या आयएमपीची शास्त्रशुद्ध परंपरा आहे. क्लासच्या सरांनी डोळा मिचकावून सांगितलेलं ते एक चांदणी. दोन क्लासांत जुळलं तर दोन. मावसभावाच्या मित्राकडून लातूरहून आलेली यादी असेल तर तीन. "लातूरचं आहे," हे तो आंबेवाल्यानं "देवगडचा आहे" म्हणावं तसं म्हणतो. पेपर काढणारा त्याला तोंडओळख नसूनही रुसव्याफुगव्यांसकट माहीत. "त्याला रोटेशनल डायनॅमिक्स आवडतं. पोटेन्शिओमीटर गेल्या मार्चमध्ये काढला, आता लगेच नाही काढणार." आकडा लावणारे काका कोपऱ्यावरच्या टपरीवर याच ठामपणे बोलायचे.

जानेवारीपर्यंत पुस्तकात चांदणी नसलेलं पान शोधावं लागे. मग चिनूला नवीन शंका. "सगळ्यांनी हे सोडलंय. म्हणजे हेच येणार!" आणि त्या पानावर तीन चांदण्या.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, रॉडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग केला. उतारा परत परत वाचणारी मुलं पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होती. पण आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत पुढे कोण, तर जी उतारा बाजूला ठेवून आठवून लिहीत होती ती. चिनूनं मान डोलावत सगळं ऐकलं. मग वही पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.

"हे आयएमपी आहे का?"

गंमत पुढेच आहे. अंदाज पक्का करायचा म्हणून त्यानं जुने पेपर जमवले आणि एका लांबुडक्या रजिस्टरात प्रश्न धड्यांप्रमाणे उतरवायला घेतले. कुठला किती वेळा आला, हे मोजायचं होतं. पण बोर्ड शब्द फिरवून विचारतं. हा न्यूमेरिकल आणि तो न्यूमेरिकल एकच की वेगळे? ठरवायला दोन्ही सोडवावे लागले. डेरिव्हेशन अर्धंच विचारलंय की पूर्ण? लिहून बघावं लागलं. रात्री दीडला ताई पाणी प्यायला उठली, तर हा पुस्तक मिटून कागदावर काहीतरी खरडतोय. "अभ्यास करतोयस?" तिनं आनंदानं विचारलं. "छे गं, अभ्यासाला अजून सुरुवातच कुठे झालीय? आधी आयएमपी तर काढू दे," हा म्हणाला. रजिस्टर भरलं, दुसरं आणलं. ऑप्शनला टाकलेले धडेही त्यात आपापल्या पानांवर येऊन बसले, कारण ते कधीच आले नाहीत याचा पुरावा हवा होता.

फिजिक्सच्या पेपरादिवशी मी स्कूटर घेऊन केंद्राबाहेर उभा होतो. चिनू पडक्या चेहऱ्यानं आला.

"काय रे, अवघड होता?"

"नाही, सुटला सगळा. पण मामा, तीन चांदण्यांतलं एकही नाही आलं. एकही!" फसवणूक झालेल्या माणसाचा आवाज होता तो. वाटेत उसाच्या रसाचा दुसरा ग्लास संपेपर्यंत तो त्या पेपर काढणाऱ्याशी भांडत होता.

घरी आलो तर आजी ओट्याशी गोळ्यांची डबी उघडून बसलेली. डॉक्टरांनी नव्या पाच गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिनं त्या ओळीनं मांडल्या, चष्मा नाकावर सरकवला आणि नातवाला हाक मारली, "चिनू, यातली आयएमपी कुठली ते सांग रे. बाकीच्या ऑप्शनला टाकते."