करवतीच्या पाठीवरचा तीळ

जुन्या करवती विकत घेणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे ताडपत्र्यांवर नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, जोडीदार हरवलेले बूट असा कुणाकुणाचा मोडका संसार मांडलेला असतो, आणि त्याच्या मधोमध हा गृहस्थ एक गंजकं पातं डोळ्याशी धरून, दुसरा डोळा मिटून, आभाळाचा नेम धरल्यासारखा उभा असतो. येणारेजाणारे थबकतात, काही जण त्या दिशेला बघूनही घेतात. तिथे काही नसतं. दातांची ओळ सरळ आहे का, एवढंच तो पाहत असतो. मग तो पात्याला टिचकी मारून कान देतो. चांगलं पोलाद बराच वेळ गुणगुणत राहतं. ते ऐकून झालं की आनंद लपवायचा, चेहरा पाडायचा आणि म्हणायचं, ‘गंजलीय हो फार.’ विक्रेताही कच्च्या गुरूचा चेला नसतो. ‘गंज आहे म्हणून तर जुनी म्हणायची,’ असं म्हणून तो गंजाचेही पैसे लावतो.

घरी या खरेदीचं कौतुक बेताचंच. ‘लोक काशीला जाऊन करवत घेत असं ऐकलं होतं, तुम्ही जुन्या बाजारात जाऊन घेता,’ असं ही म्हणते. काशीकरवतीने निदान मोक्ष तरी मिळायचा. आमच्या करवतीने गॅलरीला रॉकेलचा वास मिळाला, आणि तो मोक्षापेक्षा टिकाऊ निघाला.

गंज काढायचा तो बेताबेताने. पातं रॉकेलने भिजवायचं, लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवत राहायचं. हाताला घाई झाली तर गंजाबरोबर पात्यावर आम्लाने उमटवलेलं कारखान्याचं नावही जातं, आणि मग करवत अनाथ होते. माझ्या पात्यावर आधी एक वेलांटीदार अक्षर वर आलं, मग तपकिरी पाण्याखालून आणखी काही, आणि शेवटी लागलं ते ‘डिस्टन, फिलाडेल्फिया’. इथवर कशी आली, म्हणून विक्रेत्याला विचारलं होतं. ‘रेल्वेतून,’ तो म्हणाला होता. रेल्वेच्या कारखान्यातून की बाकाखालून, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

हेन्री डिस्टन हा मूळचा इंग्लंडचा. १८३३ मध्ये, चौदाव्या वर्षी, वडिलांबरोबर तो फिलाडेल्फियाला उतरला आणि पोहोचल्यावर तीनच दिवसांत वडील गेले. पोरक्या मुलाने करवतीच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि १८४० मध्ये स्वतःचं काम सुरू केलं. पुढे पसारा एवढा वाढला की १८७२ पासून कारखाना शहराच्या कडेला टॅकनीला हलू लागला आणि त्याच्याभोवती कामगारांचं गावच वसलं. तिथल्या जमिनीच्या करारांतच अट होती, की दारूचा गुत्ता निघणार नाही. दात पाडायचे ते पोलादाला, एकमेकांचे नव्हेत, असा एकूण हिशेब असावा.

मुठीची गंमत निराळीच. पहिल्यांदा हातात घेणारा चारही बोटं आत कोंबतो आणि मूठ लहान आहे म्हणून कुरकुरतो. ती असते तीनच बोटांची. तर्जनी बाहेर, पात्याच्या रोखाने सरळ ठेवायची, म्हणजे मनगट वाकडं जात नाही. त्यामुळे करवत धरणारा प्रत्येक माणूस लाकडाला काहीतरी बजावत असल्यासारखा दिसतो. माझ्या करवतीची बीचची मूठ अंगठ्यापाशी झिजून गुळगुळीत झाली आहे, काळपट तेलकट. बाकीची मूठ मी घासली, जवसाचं तेल पाजलं. तेवढ्या जागेला मात्र हात लावला नाही. माझा अंगठा तिथे नीट बसत नाही, तो अंगठा माझ्यापेक्षा मोठा होता.

मग तिकोनी कानस घेऊन धार लावायला बसलो. लाकडाच्या रेषांना आडवं कापायचं असेल तर दात तिरपे घासायचे, उभं चिरायचं असेल तर सरळ. मग एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे किंचित झुकवायचा, नाहीतर पातं लाकडात अडकतं. कानशीच्या किरकिरीने शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. आजकालच्या करवतींच्या दातांची टोकं इतकी कडक केलेली असतात की कानस त्यांवरून नुसती घसरते, आणि धार गेली की करवत टाकायची. जुनी मात्र प्रत्येक धारेला थोडी झिजते. टोकाकडे बोटभर उरलेलं पातं बघितलं की कुणाच्या तरी घराच्या चौकटी, पाळणे आणि पाट या झिजेत गेलेले दिसतात.

आणि या करवतीच्या पाठीवर, टोकाजवळ, एक बारीकसा उंचवटा आहे. सुंदर बाईच्या गालावर तीळ असावा, तसा, कशाच्याही उपयोगाचा नसलेला. कुणी म्हणतं, दातांवरच्या म्यानाची दोरी त्याला अडकवत. कुणी म्हणतं, त्याने लाकडावर पहिली खूण पाडत. खुद्द कंपनीने गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या आपल्या पुस्तिकेत, हा केवळ शोभेसाठी आहे, असं सांगून टाकलं होतं. तरी वाद मिटला नाही. पुढे १९२८ मध्ये बहुतेक करवतींवरून कंपनीने तो काढला, तेव्हा वादाला उलट जोरच आला.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, आता काम सोडलेल्या सुतारकाकांकडे मी करवत घेऊन गेलो. त्यांनी तिला टिचकी मारली, दातांवरून अंगठा फिरवला, धारेबद्दल काही बोलले नाहीत. मी तिळावर बोट ठेवून विचारलं, ‘काका, हे कशासाठी?’

‘मी शिकत होतो तेव्हा अशीच एक करवत आमच्या मिस्त्रींकडे होती,’ काका म्हणाले. ‘मीही हेच विचारलं होतं.’

‘मग काय म्हणाले?’

‘म्हणाले, बराच मोकळा दिसतोस, जा, चहा सांगून ये.’

एवढं बोलून काका माझ्याकडे बघत राहिले. मी चपला घातल्या आणि टपरीवर दोन कटिंग सांगायला निघालो.