पंचपीडित

आपल्या संघाचा राखीव गोलकीपर कोण, हे त्याला सांगता येईलच असं नाही. पण येत्या शनिवारी शिट्टी कुणाच्या तोंडात असणार, हे मात्र त्याला चार दिवस आधीच ठाऊक असतं. तो रेफरी मूळचा कुठला, लहानपणी कुठल्या क्लबचा चाहता होता, त्याने गेल्या हंगामात ‘आपल्याला’ किती पिवळी कार्डं दाखवली, हे सगळं तो न अडखळता सांगतो. ‘आपल्याला’ म्हणजे लिव्हरपूलला किंवा आर्सेनलला. स्वतः राहायला सांगलीत, नाहीतर डोंबिवलीत. पण एखाद्या रेफरीने उत्तर लंडनमध्ये दिलेल्या निर्णयाचं त्याला झालेलं दुःख हे सातबाऱ्यावरून नाव कमी झालेल्या माणसाच्या दुःखासारखं असतं: खोल, कागदोपत्री आणि पिढ्यान्‌पिढ्या पुरणारं. त्याचा संघ कधी हरत नाही, हरवला जातो. अशा माणसाला आपण पंचपीडित म्हणू. तो एकटा नाही. प्रत्येक क्लबच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तो असतो, आणि गंमत म्हणजे एकाच सामन्यानंतर दोन्ही बाजूंच्या ग्रुपवर असतो.

त्याच्याबद्दलचा सर्वसाधारण समज असा, की तो अचूक निर्णयांचा भुकेला आहे आणि तंत्रज्ञान सुधारलं की शांत होईल. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. निर्णय जसजसे अचूक होत गेले तसतसा तो अधिक चिडत गेला, आणि हा त्याचा कृतघ्नपणा नव्हे. त्यामागे एक हिशेब आहे. जुन्या काळी पंचाजवळ एक भक्कम सबब असे: त्याला प्रसंग एकदाच, धावता धावता, तीन धिप्पाड खेळाडूंच्या आडून दिसायचा. १९६६च्या विश्वचषक अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा फटका आडव्या खांबाला लागून खाली आदळला. चेंडूने रेषा ओलांडली की नाही, याचा निकाल अझरबैजानच्या तोफिक बहरामोव्ह या लाइनमनने दिला आणि इंग्लंडला गोल मिळाला. जर्मनांनी त्यावर अर्धं शतक वाद घातला. तिकडे बाकूमध्ये या लाइनमनच्या नावाचं स्टेडियम उभं आहे. १९८६च्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तो ट्युनिशियाच्या पंचाला दिसला नाही. पुढे तोच चेंडू त्या पंचाने जपून ठेवला आणि २०२२मध्ये लिलावात वीस लाख पौंडांना विकला. न दिसलेल्या गोष्टीची इतकी चांगली किंमत फार थोड्यांना मिळाली असेल. इंग्रज चाहते या गोलावर अजून जळतात. पण विश्वचषक आला की अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी गल्ल्या सजवणाऱ्या कोल्हापुरात त्याला कुणी अन्याय म्हणेल काय? तो तर प्रसाद! सांगायचं एवढंच, की या दोन्ही प्रकरणांत पंचाला आंधळा म्हटलं गेलं, आणि आंधळा ही शिवी असली तरी तिच्यात एक क्षमा दडलेली असते. ज्याला दिसलंच नाही, त्याने मुद्दाम केलं असं म्हणता येत नाही.

व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओवर निर्णय तपासणाऱ्या पंचव्यवस्थेने, ही क्षमाच रद्द केली. २०१८च्या रशियातल्या विश्वचषकात आणि २०१९-२० च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये ही व्यवस्था आली. हिथ्रो विमानतळाजवळच्या स्टॉकली पार्क नावाच्या कचेऱ्यांच्या वसाहतीत एका खोलीत माणसं पडद्यांसमोर बसली आणि प्रत्येक गोल, पेनल्टी व थेट लाल कार्ड तपासू लागली. प्रीमियर लीगच्या म्हणण्याप्रमाणे महत्त्वाच्या निर्णयांची अचूकता ८२ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेली. सरळ गणिताने पंचपीडिताचा रागही त्याच प्रमाणात उतरायला हवा होता. पण तो गणित असं मांडतो: पूर्वी शंभरात अठरा वेळा चुकत होते, कारण दिसत नव्हतं. आता दहा कोनांतून, पुढे-मागे करून, थांबवून पाहतात आणि तरी चार वेळा चुकतात. मग त्या चार चुका नाहीतच, ते चार डाव आहेत! या तर्कात खोट काढणं वाटतं तितकं सोपं नाही. सबब गेली की हेतूच उरतो. त्यात स्लो मोशनची भर. खटल्यातली दृश्यं संथ गतीने दाखवली तर पाहणाऱ्याला आरोपीचं कृत्य अधिक हेतुपुरस्सर वाटतं, असं मानसशास्त्रज्ञांनी २०१६मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं. मैदानावर याचा फटका आधी पाय घालणाऱ्या बचावपटूला बसला. पंचपीडिताने पुढचं पाऊल टाकलं: तो रिप्लेमध्ये बचावपटूचा पाय बघतच नाही, पडद्यासमोर उभ्या असलेल्या रेफरीचा चेहरा बघतो.

यंत्रावर त्याचा राग नसतो, हेही इथेच नोंदवायला हवं. २०१०च्या विश्वचषकात ब्लोमफाँटेनला जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला आणि गोल नाकारला गेला. त्यानंतर गोलरेषा ओळखणारं तंत्र आलं, रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरू लागलं आणि त्याविरुद्ध कुणी ब्रसुद्धा काढला नाही. मग जून २०२०मध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेडच्या सामन्यात ते यंत्रच चुकलं. गोलकीपर चेंडू घेऊन धडधडीत रेषेच्या आत गेला. पण गोलकीपर, एक बचावपटू आणि गोलपोस्ट यांच्या गर्दीत कॅमेऱ्यांना काही दिसलं नाही. कंपनीने माफी मागितली. व्हिला त्या हंगामात अवघ्या एका गुणाने लीगमध्ये टिकला, म्हणजे चुकीची किंमत मोठी होती. तरी पंचपीडिताने कॅमेऱ्यांना माफ केलं आणि प्रश्न विचारला तो असा: ‘व्हीएआरच्या खोलीत बसलेला माणूस काय झोपला होता?’ यंत्राला नातेवाईक नसतात, गाव नसतं, आवडता क्लब नसतो. त्याच्यावर राग धरून हाती काय लागणार?

यावर कुणीही सुजाण माणूस म्हणेल, की अहो, पण तो पुष्कळदा बरोबर असतो. असतोच. ३० सप्टेंबर २०२३ला टॉटनमच्या मैदानावर लिव्हरपूलच्या लुइस डियाझने गोल केला तेव्हा तो ऑफसाइड नव्हता. लाइनमनने झेंडा वर केला. खोलीतल्या पंचाने चित्र तपासलं, डियाझ ऑनसाइड आहे हे त्याला बरोबर दिसलं. पण मैदानावर गोल दिलेला आहे अशा समजुतीत त्याने ‘तपासणी पूर्ण’ असं कळवून टाकलं. म्हणजे बरोबर उत्तर काढून ते चुकीच्या प्रश्नापुढे लिहिलं. खेळ पुन्हा सुरू झाला, आणि एकदा खेळ सुरू झाला की नियमाने मागे जाता येत नाही. लिव्हरपूल २-१ ने हरलं. पुढे त्या खोलीतल्या संभाषणाची ध्वनिफीत जाहीर करण्यात आली. चूक लक्षात आल्यावरची तिथली तारांबळ, सामना थांबवण्याची कुणीतरी केलेली सूचना आणि आता काही करता येत नाही अशी कबुली, सगळं त्यात आहे. कुठल्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटावा: फाइल बरोबर, शेरा चुकीचा, आणि साहेबांची सही झालेली. कारस्थानाला थोडी तरी कार्यक्षमता लागते; त्या ध्वनिफितीत ती औषधालाही नाही. पण पंचपीडिताने ती चौदा वेळा ऐकली आणि दर वेळी त्याला त्यात कट सापडला. त्याची तक्रार खरी होती, अगदी शंभर टक्के. निष्कर्ष तेवढा त्याने घरून आणला होता.

हा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, याचा पुरावा २०२४च्या जूनमध्ये पाच दिवसांच्या अंतराने मिळाला. ६ जूनला प्रीमियर लीगच्या क्लबांनी व्हीएआर काढून टाकण्याच्या वुल्व्ज क्लबच्या ठरावावर मतदान केलं. ठराव १९ विरुद्ध १ असा फेटाळला गेला. आपल्याकडच्या पंचपीडिताने यावर हळहळ व्यक्त केली: खेळ यंत्राच्या ताब्यात गेला, जुना फुटबॉल संपला, वगैरे. ११ जूनला दोहा इथे विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत कतारविरुद्ध एका गोलने पुढे होता. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला, सहकाऱ्याने गोल मारला आणि रेफरीने तो दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. भारत २-१ ने हरला, पुढची फेरी हुकली. पाच दिवसांपूर्वीचा खेळाचा आत्मा आता कुणालाच आठवेना. ‘या जमान्यात व्हीएआर नाही म्हणजे काय?’ हा प्रश्न मात्र सगळ्यांना पडला. प्रश्न रास्तच होता. केवळ तो विचारणारा तोंड बदलून आला नव्हता, एवढंच.

यात त्याला ढोंगी ठरवून मोकळं होण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा. १९५१मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत एक धसमुसळा सामना झाला. तिकडच्या पद्धतीचा फुटबॉल, हातात घेऊन पळायचा. पण माणसं आपल्यासारखीच. नंतर दोन संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितलं. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथने केलेले जेवढे नियमभंग दिसले, तेवढे डार्टमथच्या मुलांना दिसलेच नाहीत. कुणी खोटं बोलत नव्हतं. त्यांनी खरोखरच वेगवेगळा सामना पाहिला होता. मग रिप्ले वाढवून मतभेद मिटतील, ही आशा कशाच्या बळावर धरायची? दहा कोनांतून पाहिलं म्हणजे दहा वेळा आपलंच दिसतं. पंचही या दोषातून सुटलेले नाहीत. इंग्लंडमध्ये चाळीस पंचांना एका सामन्यातले टॅकल दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने पंचपीडिताची छाती फुगायला हरकत नाही, कारण स्टेडियममध्ये ओरडून उपयोग होतो हे त्यातून सिद्ध होतं. फक्त सांगलीहून टीव्हीकडे पाहून ओरडण्याचा परिणाम त्यात तपासलेला नाही. शेजाऱ्यांवर होणारा परिणाम हा वेगळ्या संशोधनाचा विषय.

आणखी एक आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वीडनमध्ये क्लबांची मालकी मुख्यतः सभासद-चाहत्यांकडे असते. त्यांनी व्हीएआर येऊच दिलं नाही. नॉर्वेत ते आल्यावर जुलै २०२४मध्ये रोझेनबोर्ग आणि लिलेस्ट्रॉम यांच्या सामन्यात चाहत्यांनी मैदानावर टेनिस बॉल आणि माशांचे वडे फेकले, इतके, की सामना सोडून द्यावा लागला. या लोकांचं म्हणणं कुठल्या एका निर्णयाविरुद्ध नाही. गोल झाल्याच्या क्षणी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारता यावी, तीन मिनिटं थांबून परवानगी आल्यावर नव्हे, एवढंच ते मागतात. आणि त्यासाठी अधूनमधून आपल्यावर अन्याय झाला तरी चालेल, असं ते आधीच कबूल करतात. या भूमिकेपुढे माझ्याजवळ उत्तर नाही, कारण ती बरोबर आहे. एप्रिल २०१९मध्ये मँचेस्टर सिटीचा शेवटच्या क्षणी झालेला गोल ऑफसाइड ठरला, आणि उड्या मारणारे त्यांचे प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला काही सेकंदांत गुडघ्यांवर आले. निर्णय अचूक होता, आणि तरी काहीतरी मोडलं होतं. पण तो नॉर्वेकर आणि आपला पंचपीडित यांची गल्लत करू नये. एक चूक सोसायला तयार आहे म्हणून यंत्र नको म्हणतो. दुसरा एकही चूक सोसायला तयार नाही आणि यंत्रही नको म्हणतो. तो वडा फेकणार नाही. जपून ठेवेल, पुरावा म्हणून.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र क्रिकेटचा आहे, कारण हाच माणूस तिथे शहाण्यासारखा वागतो. टीव्हीवर पाहून तिसऱ्या पंचाने धावबाद दिलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर, १९९२, डर्बन. तेव्हापासून आपण ही पद्धत पाहतो आहोत. ‘अंपायर्स कॉल’वर कुरकुर होते, पण पंच विकला गेला अशी आरोळी क्वचितच. लोक म्हणतात क्रिकेट मुळातच थांबत थांबत खेळलं जातं, म्हणून थांबणं खुपत नाही. खरं आहे, पण पुरेसं नाही. डीआरएसमध्ये दाद मागायची की नाही हे खेळाडू ठरवतात आणि दाद मोजून मिळतात. त्या वाया गेल्या, की शिव्या कर्णधाराला किंवा हट्टी फलंदाजाला बसतात, पंच सुटतो. फुटबॉलमध्येही असा प्रयोग सुरू झाला आहे. २०२४मध्ये कोलंबियातल्या वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा व्हिडिओ तपासणी मागण्याचा अधिकार होता. खर्च कमी, वेळ कमी, वाद कमी. पंचपीडिताला ही पद्धत दाखवली की तो शांतपणे ऐकून घेतो, एकदोन शंका विचारतो आणि नाही म्हणतो. त्याची अडचण समजण्यासारखी आहे. रेफरी परका असतो, प्रशिक्षक आपला.