नोटीस काढण्याआधी लिनक्स कसे टाकावे

हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी लागावी लागते. नवशिका सेक्रेटरी हे वाचून सरळ नोटीस टाइप करायला बसतो. मुरलेला सेक्रेटरी आधी कॉम्प्युटरकडे बघतो. विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ आपल्या जुन्या सीपीयूला दारात उभे करत नाही. मग असल्या मशीनवर नोटीस काढणे कितपत सुरक्षित?

म्हणून आधी लिनक्स. साहित्य फार लागत नाही. नवीन पनवेलमधल्या सोसायटी ऑफिसात मीटरखोलीच्या भिंतीला टेकवलेला सीपीयू, ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि लाइट. तिसरी वस्तू आपल्या हातात नाही, म्हणून काम यूपीएसची पीपी नीट ऐकू येईल अशा शांत वेळी करावे.

लिनक्स मिंटची फाइल तीनेक जीबीची असते. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, एचरसारख्या प्रोग्रॅमने ‘लिहावी’ लागते. लिहिताना पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. पुतण्याच्या मुंजीचे फोटो त्यातच होते हे लिहून झाल्यावर आठवावे. मग सीपीयू चालू करून एफ१२ दाबत राहावे. काही मशीनवर एफ२, काहींवर डिलीट. कोणते ते स्क्रीनवर दिसते, पण डोळा मिटून उघडेपर्यंतच.

पुढे इन्स्टॉलर नम्रपणे विचारतो, संपूर्ण डिस्क पुसू का? हा पर्याय सर्वांत सोपा असतो. मेंटेनन्सचा गेल्या काही वर्षांचा हिशेब त्याच डिस्कवर असेल तर तो आधी दुसरीकडे काढून ठेवावा. ऑडिटरला ‘फॉरमॅट मारला’ हे उत्तर लेखी देता येत नाही.

सॉफ्टवेअर टाकायला टर्मिनल उघडावे. तिथे कोणत्याही मोठ्या आज्ञेआधी ‘सुडो’ लिहितात, म्हणजे चेअरमनची सही. ज्याला हा अधिकार नाही त्याने सुडो लिहिले तर या प्रकाराची तक्रार नोंदवण्यात येईल, अशी तंबी पूर्वी मिळायची. तक्रार जायची कुणाकडे? मशीन तुमचे असेल तर तुमच्याकडेच. सोसायटीत काम केलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

आता मराठी. जुन्या नोटिसा कृतिदेवमध्ये असतात आणि तो फॉन्ट युनिकोड नाही. अक्षरे दिसतात देवनागरी, पण पोटात इंग्रजी असते. फॉन्ट नसलेल्या मशीनवर गेल्या वर्षीची नोटीस उघडली की ‘सोसायटी’च्या जागी एल, के, एस, एल, के, मग अर्धविराम, मग व्ही आणि एच अशी वरात निघते. म्हणून सगळे नव्याने टाइप करावे. कीबोर्डच्या यादीत मराठीसाठी इन्स्क्रिप्ट मिळतो. शिफ्ट धरून एन दाबले की ‘ळ’, शिफ्ट धरून जे आणि पुढे डी दाबले की ‘वऱ्हाडा’तला तो चंद्रकोरीसारखा र. पहिल्यांदा तो उमटतो तेव्हा माणूस नोटीस विसरून ‘तऱ्हा’, ‘गुऱ्हाळ’, ‘चऱ्हाट’ असे पानभर लिहून काढतो, काढावे. त्याच यादीत मराठीचा आणखी एक, उच्चारानुसारी कीबोर्ड आहे, ‘कागापा’. हे नाव कन्नड गणक परिषदेवरून आले. सीमाप्रश्न अजून कोर्टात आहे, पण इकडे मराठी माणूस कन्नड बोटांनी ‘बेळगाव’ टाइप करू शकतो. ही बातमी कमिटीत सांगू नये, सभा लांबते.

यानंतर सजावट. पार्श्वभूमीला कर्नाळ्याचा सुळका लावावा. आयकॉन बदलावेत, मग पहिलेच बरे होते असे वाटून परत आणावेत. खिडकी ओढली की जेलीसारखी थरथरेल असे एक एक्स्टेन्शन टाकावे. नोटिशीला त्याचा उपयोग नाही, हे एव्हाना कुणी विचारतही नाही. कोपऱ्यात प्रोसेसरचे तापमान सतत दिसेल अशी सोय करावी. आठवडा इथेच जातो.

मग प्रिंट. आमचा प्रिंटर कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. लिनक्स त्याला ओळखते, यादीत नावही दाखवते. तो मात्र ओळख देत नाही. ड्रायव्हर शोधावा, सापडलेला टाकावा, काढावा, दुसरा टाकावा. मध्ये एकदा कॅलेंडर बघावे.

१४ दिवसांतले १४ उरले आहेत असे दिसताच रेघांचा कागद घ्यावा, निळ्या पेनाने नोटीस लिहावी आणि लिफ्टशेजारच्या बोर्डावर टाचावी. मी टाचत होतो तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका चष्मा वर करून पुढे वाकले.

“सेक्रेटरी, फॉन्ट छान आहे हो. लिनक्सचा का?”